स्वतःची कादंबरी अडकलेली असताना लेखन कार्यशाळा घ्यावी का?

अर्धाखर्डा:
चार वर्षं एका ऐतिहासिक कादंबरीवर काम करतेय. काळ १६९० च्या आसपासचा. टिपणांच्या अकरा वह्या भरल्यात, कादंबरीची पानं मात्र चाळीस. आता एका वाचक-गटाने ऐतिहासिक कथालेखनाची सहा सत्रं घ्यायला बोलावलंय. आपलंच पूर्ण झालेलं नसताना दुसऱ्यांना काय शिकवायचं? आणि पहिल्या सत्रात नेमकं करायचं काय? यात मुरलेल्या कुणी सांगा.

जुनीशाई:
घ्या. मी अकरा वर्षं घेतेय आणि अडकलेली कादंबरी माझ्याकडे कायम एक तरी असतेच.

पहिल्या सत्राचं सांगते. पूर्वी मी संशोधनावर तासभर बोलायचे. दप्तरं कशी वाचावीत, कपडे, दिवे, हत्यारं. लोक भराभर उतरवून घ्यायचे आणि पुढच्या वेळी कथेऐवजी आणखी टिपणं घेऊन यायचे! मग एका सत्रात माझीच फजिती झाली. माझ्या छापून आलेल्या कादंबरीतलं एक पान मी नमुना म्हणून वाचत होते. काळ १७२० चा. त्यात कारभारी एका मोहिमेला 'हिरवा कंदील' दाखवतो. मागच्या रांगेत रेल्वेत सिग्नलवर नोकरी करून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, "मॅडम, वाफेची पहिली सार्वजनिक रेल्वे १८२५ ची. तुमच्या कारभाऱ्याला कंदील दिला कुणी?" सगळे हसले. काका पुढे म्हणाले, "आणि सुरुवातीला हिरवा म्हणजे सावकाश या. रस्ता मोकळा असेल तर पांढरा दाखवत."

म्हणजे शंभर वर्षं आधीचा, वर अर्थानेही चुकलेला कंदील. मी तो खर्डा सहा वेळा तपासला होता. तलवारीची मूठ, पागोट्याचा पेच, सगळं पारखून घेतलं होतं. वस्तूंवर आपला पहारा असतो, वाक्प्रचार मात्र बिनदिक्कत आत शिरतात.

तेव्हापासून पहिलं सत्र तेच. प्रत्येकाने स्वतःचं एक पान आणायचं आणि पात्रांच्या तोंडी त्या काळानंतर जन्मलेलं जे काही असेल ते लाल शाईने खोडायचं. गाडी रुळावर येते, संयमाचा ब्रेक लागतो, कुणी 'मिनिटभर थांब' म्हणतं. (लंबकाचं घड्याळ १६५६ चं, त्याआधी बहुतेक घड्याळांना मिनिटकाटाच नसे.) मग लोक सर्रास 'पळभर' घालतात. घाला, पण पळ म्हणजे २४ सेकंद. इतका वेळ नजरानजर चालली तर पुढचा प्रसंग वेगळाच लिहावा लागेल.

संशोधनाचं म्हणाल तर अडलं की चौकोनी कंसात [दिवा कशाचा?] लिहून पुढे जा. मी शेवटी कंस तपासते तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी दिव्याची गरजच नव्हती असं निघतं.

कानामात्रा:
जुनीशाईताई, हे जरा अति होत नाही का? असं खोडत गेलं तर वाचकाला कळेल असं उरेल काय? शेवटी लिहितोय आजच्या वाचकासाठी.

जुनीशाई:
निवेदक आजचा असेल तर त्याला सगळं माफ. मी बोलतेय ते पात्राच्या तोंडाबद्दल. रेल्वे न पाहिलेल्या माणसाचं मन रुळावरून घसरत नाही. ते घोड्यासारखं उधळेल किंवा नावेसारखं भरकटेल. आणि हे वाचकाला समजायला अजिबात जड नाही.

तिथीवार:
तारखांचंही पहिल्याच सत्रात सांगा. ब्रिटनने १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. मी ८ सप्टेंबर १७५२ ला लंडनहून निघालेल्या पत्रावर अख्खी रहस्यकथा रचली होती. पोर्तुगीजांनी तोच बदल १५८२ मध्ये केलेला, त्यामुळे मधल्या काळात दोघांच्या कागदांत आधी दहा, नंतर अकरा दिवसांचा फरक.

अर्धाखर्डा:
सगळ्यांचे आभार. एक उरलंच. कार्यशाळेमुळे स्वतःचं लिहिणं मागे पडतं का?

जुनीशाई:
पडतं. सत्राच्या दुसऱ्या दिवशी मी एक ओळ लिहू शकत नाही, डोक्यात इतरांची वाक्यं घोळत असतात. म्हणून तो दिवस मी टिपणं लावण्यात घालवते. त्यापेक्षा मोठा धोका वेगळाच: दुसऱ्याच्या पानावरच्या चुका काढण्यात इतका हात बसतो की स्वतःचं पहिलं वाक्य लिहितानाच खोडावंसं वाटतं. त्यावर मला एकच उपाय लागू पडला. दिलेला प्रत्येक सराव तिथेच बसून मीही करते आणि फसलेला असला तरी वाचून दाखवते. बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, एका बैठकीत तीनच कथा. कथा लेखकाने नाही, दुसऱ्याने वाचायची, कारण लेखक अडखळलेली जागा आवाजाने सावरून घेतो. तुम्ही सगळ्यांत शेवटी बोला.

अर्धाखर्डा:
हो म्हणून कळवलं. रात्री माझी चाळीस पानं काढून बसले. तिसऱ्या पानावर नायिका 'विजेचा झटका बसल्यासारखी' मागे सरते, १६९० मध्ये. असे सात निघाले. आठव्यावर अडलेय: 'त्याची तिच्यावर छाप पडली.' ही छापखान्यातली का?

जुनीशाई:
शिक्क्याचीही असते. ठेवा.