टाकोसाठी केलेले मैद्याचे टॉर्टिया दुमडताच चिरतात: मदत हवी आहे

उत्तर मेक्सिकोत, विशेषतः सोनोरा राज्यात, मक्याइतकेच गव्हाच्या पिठाचे टॉर्टियाही (पातळ मेक्सिकन पोळ्या) रुजलेले असल्यामुळे टाकोसाठी मी तेच घरी करून पाहत आहे. २५० ग्रॅम मैदा, पारंपरिक डुकराच्या चरबीऐवजी ४० ग्रॅम लोणी, मीठ आणि सुमारे १२५ मिलिलिटर कोमट पाणी घेऊन १० मिनिटे मळते आणि गोळे अर्धा तास झाकून ठेवते. तरीही लाटताना ते आकसतात, आणि बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर भाजलेला टॉर्टिया सारण भरून दुमडला की मधोमध चिरतो. आकसण्यामागे ग्लुटेनचा (मळल्यावर पीठ चिवट करणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचा) ताण असावा, एवढे कळते. पण चिरण्याचे काय? तवा कमी तापतो म्हणून भाजायला वेळ लागून टॉर्टिया कोरडा पडत असेल का, की भाजल्याबरोबर कापडात गुंडाळायला हवा? (विकतचे आणा, हा सल्ला कृपया नको.)