‘औदुंबर’मधला ‘गोड काळिमा’ म्हणजे झाडाची सावली, असं लिहिलं तर चुकतं का?

नाल्याकाठची

नमस्कार. मी नववीत आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडे. इथे मोठी माणसं कवितांवर बोलतात, म्हणून विचारायला आले.

आमच्या सरांनी चाचणीत बालकवींची ‘औदुंबर’ दिली होती. कविता पुस्तकातली नव्हती, त्यांनी फळ्यावर लिहून दिली. आठच ओळी आहेत. रसग्रहणाला चार गुण, त्यातला मला दीड मिळाला. गुणांचं मी घरी सांगितलं, ते झालं. पण त्या कवितेचं डोक्यातून जात नाहीये.

शेवटच्या दोन ओळी अशा आहेत:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

मी लिहिलं की हा काळिमा म्हणजे उंबराची सावली आहे आणि उन्हात सावली गोडच लागते, म्हणून कवी त्याला गोड म्हणतो. सरांनी त्यावर लाल पेनानं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘काळिमा म्हणजे उदासी, मृत्यूची छाया. कवीचं आयुष्य लक्षात घ्या.’ ज्यांनी तसं लिहिलं त्यांना साडेतीन मिळाले.

मी असं का लिहिलं ते सांगते. आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून नाला आहे. उन्हाळ्यात तो आटतो, मग बाया वाळूत झिरा उकरून पाणी काढतात. पण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चांगला वाहतो. एका वळणावर जुना उंबर आहे. पुराने काठाची माती खाल्ली, त्यामुळे त्याची मुळं उघडी पडून सरळ पाण्यात उतरली आहेत. गुडघे दुमडून बसलेल्या माणसासारखी दिसतात.

आता सोयाबीनची सोंगणी होती. दोन सुट्ट्या मी पण वावरात होते. ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय सोयाबीनचे खुंट पायाला टोचतात, चप्पल असली तरी बाजूने घुसतात. दुपारी सगळ्या जणी त्या उंबराखाली शिदोरी सोडतात. आजी मात्र आधी भाकर खात नाही. ती मुळावर बसते आणि दोन्ही पाय पाण्यात सोडते. तिच्या टाचांच्या भेगांत माती बसलेली असते. ती पाण्यात हळूहळू सुटते आणि पाण्यात करड्या धुरासारखी निघून जाते. तेवढा वेळ आजी कोणाशी बोलत नाही. त्या दिवशी मी तिच्या बाजूला बसून पाणी पाहिलं. उंबराखालचं पाणी काळं होतं, आणि चार पावलं पलीकडे तेच पाणी निळं. मला आधी वाटलं तिथे खोल असेल. म्हणून उतरून पाहिलं, तर पिंढरीएवढंच होतं. म्हणजे तिथे डोह नव्हताच, वर पानं होती म्हणून पाणी काळं दिसत होतं.

कविता फळ्यावर आली तेव्हा मला आजीच दिसली. मी काही वेगळं लिहायचं म्हणून लिहिलं नाही. मला खरंच तसंच वाटलं.

तर सावली म्हणणं चूक आहे का? आणि चूक असेल तर ‘गोड’ शब्दाचं काय करायचं? मरण गोड कसं?

निवृत्त मॅडम, अमरावती

बेटा, तू पाण्यात उतरून पाहिलंस हे वाचून फार बरं वाटलं. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, पण या कवितेसाठी पाण्यात उतरलेली मुलगी मला वर्गात भेटली नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळू. आधी व्याकरण पाहा, कारण सगळी गाठ ‘पसरी’ या एका क्रियापदात आहे. जुन्या मराठीत ‘पसरी’ म्हणजे सरळ अर्थाने पसरवतो, ‘पसरतो’साठी ‘पसरे’ येतं; तरी कोणी इथे पसरतो असंही वाचेल. मग कर्ता कोण? ‘गोड काळिमा’ हा कर्ता धरला तर अर्थ होतो, काळिमा आपोआप लाटांवर पसरतो आहे. तशी संध्याकाळ उतरते, किंवा मनावर मळभ येतं. पण पुढच्या ओळीतला ‘औदुंबर’ हाच दोन्ही ओळींचा कर्ता धरला तर अर्थ होतो, पाणी झाकून टाकून औदुंबर लाटांवर काळिमा पसरवतो आहे. म्हणजे तुझी सावली. ही दुसरी जुळणी पूर्ण शुद्ध आहे. तेव्हा तुझं उत्तर चुकीचं नाही.

पण तू उत्तर अर्धं सोडलंस, हेही सांगते. सावली दिसली, तिथेच तू थांबलीस. त्याआधी सहा ओळी आहेत, त्या तुझ्या उत्तरात आल्याच नाहीत. रंग बघ. ‘हिरवाळी’, मग ‘निळासावळा’ झरा, मग ‘पायवाट पांढरी’, मग ‘काळ्या डोहाकडे’. डोळा हिरव्यातून निघतो आणि काळ्यात येऊन थांबतो. ‘गोड काळिमा’ला वजन येतं ते या प्रवासामुळे. शिवाय कवितेत माणूस एकही नाही. चार घरांचं गाव आहे, मळे आहेत, पण चालते ती पायवाट आणि बसतो तो औदुंबर. माणसाची कामं कवीने वाटेला आणि झाडाला दिली. तू आजीचं लिहिलंस ना, तेच ‘पाय टाकुनी बसला’ या शब्दांत आहे. याला चेतनगुणोक्ती म्हणतात. ते नाव लिहून समोर तुझं निरीक्षण ठेवलं असतंस तर कोणालाही रेघ मारता आली नसती.

‘असला’ या शब्दाकडेही लक्ष दे. आज आपण ‘असला माणूस’ नावं ठेवताना म्हणतो. इथे तो ‘असा, या तऱ्हेचा’ एवढ्याच अर्थाने आला आहे. आठ ओळींचं सगळं चित्र उभं करून शेवटी कवी बोट दाखवतो, असला तो औदुंबर. शीर्षक सोडलं तर औदुंबर हा शब्द कवितेत अगदी शेवटी येतो, तोपर्यंत झाडाचं नाव नाही.

आणखी एक. झरा ‘बेटाबेटांतुन’ वाहतो, त्यातलं बेट म्हणजे तू काय समजलीस? बेट म्हणजे पाण्यातली जमीन, पण आपण बांबूचंही बेट म्हणतो. तुझ्या नाल्यावर कोणतं आहे ते पाहून ये.

धुऱ्यावरचा काका

पोरी, मी कविता शिकलेला माणूस नाही, दहावीपर्यंत शिकलो. पण उंबराचं सांगतो. तुह्यं निरीक्षण बरोबर हाय. उंबर पाण्याच्या काठालेच जास्त होते. आमच्या इकडे विहिरीची जागा पाहणारा पहिले आजूबाजूले उंबर हाय का ते पाह्यते. त्याची फळं फांदीच्या शेंड्याले नाही, खोडालेच घोसानं लागते. पिकले की खाली पडते, मासोळ्या खाते, वरून हरियाल येते. फूल मात्र दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच असते. म्हणून तर कोणी लय दिवसांनी भेटलं की त्याले ‘उंबराचं फूल’ म्हणते.

अन पाणी काळं काहून दिसते, तर वरच्या पानाची पडछाया पडते ते एक. दुसरं म्हणजे पानं अन उंबरं खाली पडून सडते, त्याच्यानं तळ काळा होते. पुढच्या बारीनं मूठभर तळ वर काढून पाह्य.

मले ‘पायवाट पांढरी’ वाचून दुसरंच आठवलं. आपल्या खेड्यात गावठाणाच्या जागेले पांढरी म्हणते अन वावराले काळी. माह्या बापाच्या तोंडात ‘काळी-पांढरी’ हेच शब्द होते. तिथं वाट चार घरांच्या गावातून निघते अन शेतातून जाते. म्हणजे पांढरीतून निघून काळीत. कवीच्या मनात हे होतं का नव्हतं, मले सांगता येत नाही. पण खेड्यातल्या माणसाले ते ऐकू येतेच.

सांजवेळ, वर्धा

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मांडायलाच हवं, कारण तुझ्या सरांवर अन्याय नको.

बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १८९० चा, धरणगावचा. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली ते गेले, तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. पण सर ‘आयुष्य लक्षात घ्या’ म्हणतात ते फक्त या अपघातामुळे नसावं. ‘आनंदी आनंद गडे’ लिहिणाऱ्या याच कवीने ‘कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला’ हेही लिहिलं. पडक्या धर्मशाळेच्या कौलावर बसून ‘खिन्न नीरस एकांतगीत’ गाणारा पारवाही त्यांचाच. त्यांची उदासी कोणी बाहेरून चिकटवलेली नाही, ती त्यांच्याच शब्दांत आहे.

आणि मला एक अडचण दिसते. तू ऊन, ऊन म्हणतेस. पण आठ ओळींत ऊन हा शब्द कुठे आहे? सूर्यसुद्धा नाही. तुझ्या वावरातलं ऊन तू कवितेत घेऊन गेलीस. मी ही कविता नेहमी संध्याकाळची म्हणून वाचत आलो. माझे वडील गेले त्या वर्षी मी धाम नदीच्या काठी रोज संध्याकाळी बसायचो. पाणी काळं होत जायचं आणि त्याने कसं कोण जाणे, बरं वाटायचं. ‘गोड’ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तू विचारतेस मरण गोड कसं. मरण गोड नसतं. पण दुःखात एकटं बसण्यात एक शांतपणा असतो, त्याला मी गोड म्हणेन.

निवृत्त मॅडम, अमरावती

ऊन शब्द नाही, हे मान्य. पण संध्याकाळही नाही! दोघांनीही वेळ आपापली आणली आहे. बाहेरून आणलेली गोष्ट ओळींना धरून राहते का, एवढंच तपासायचं. पोरीच्या बाजूने ‘झाकळुनी’ आहे, झाडाने वरून झाकल्याचा भाव त्यात येतो. तुमच्या बाजूने ‘लाटांवर’ आहे, कारण सावली एका जागी पडते आणि हा काळिमा लाटांवर पसरत जातो. बाकी भादलीचा अपघात कवितेनंतरचा. तो आधीच्या ओळींत वाचू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या कवितेतली उदासी मात्र जरूर वाचावी.

नाल्याकाठची

सगळ्यांना धन्यवाद. तुम्ही सांगितलेलं सगळं मी काल करून आले.

काका, मी तळातली मूठ वर काढली. काळीभोर निघाली. त्यात पानांच्या नुसत्या शिरा राहिलेल्या होत्या, जाळीसारख्या, आणि उंबराचे दाणे. वास आला, पण घाण नाही, ओल्या मातीचा. आबाजींना ‘काळी-पांढरी’ विचारलं, तर ते म्हणाले, हो, आमच्या वेळी असंच म्हणायचे. तुमच्यामुळे मला पहिल्यांदा कळलं.

मॅडम, आमच्या नाल्यावर दोन्ही बेटं आहेत. वरच्या अंगाला बांबूचं, आणि उंबराच्या खाली गोट्यांचं एक छोटं, त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातं. मी ओळी मोठ्याने म्हणून पाहिल्या. ‘पाय टाकुनी’ म्हटलं की जीभ थांबते, मग ‘जळात बसला’, मग परत थांबते. मात्रा मोजल्या तर आठ आणि आठ. चालता चालता कोणी दोनदा थबकावं तसं वाटतं.

वर्ध्याच्या दादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तुमच्यासाठी मी संध्याकाळी थांबले. आई ओरडली तरी थांबले. खरं सांगते, सूर्य गेला तशी सावलीची कडाच दिसेना. दुपारी इथपर्यंत काळं आणि इथून निळं अशी स्पष्ट रेघ होती. संध्याकाळी ती पुसली आणि काळं पाणी उंबराखालून निघून सगळ्या नाल्यावर गेलं. लाटांवर पसरलं, कवितेत आहे तसंच. मला थोडी भीती वाटली, पण उठून यावंसं वाटेना. दुपारचं माझं आणि संध्याकाळचं तुमचं पाणी एकच होतं. मी सरांना हे सांगणार आहे. गुणांसाठी नाही, फक्त सांगायचं म्हणून.

तिथे बसल्यावर एक नवीन प्रश्न आला. कवितेत गाव ‘पैल टेकडीकडे’ आहे. वाट तिकडून निघून डोहाकडे येते. म्हणजे गाव, शेतं, वाट, सगळं पलीकडे. मग पाहणारा ऐल तटावर, म्हणजे अलीकडच्या काठावर आहे का, एकटाच? आणि औदुंबर कोणत्या काठावर आहे?

निवृत्त मॅडम, अमरावती

काठ कवीने सांगितलेला नाही. मी इतकी वर्षं तो पैल तटावर धरत आले, कारण वाट तिकडून येते. पण पाहणारा एकटा ऐल तटावर, हे मी कधी वर्गात बोलले नाही. आज रात्री पुन्हा वाचते. तू रसग्रहण नव्याने लिहिलंस की इथेच टाक, आणि आजीचे पाय त्यातून काढू नकोस.