ओला कचरा डेपोवर जाऊ नये म्हणून काय करावं? एका वॉर्डासाठी सल्ला हवा (बजेट 3 लाख)

तापीकाठची
नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेने ओल्या कचऱ्याचा प्रयोग आधी एका वॉर्डात करायचं ठरवलंय, आणि आराखडा आमच्या नागरिक समितीच्या गळ्यात पडलाय. 450 घरं, भाजीबाजार, दोन मंगल कार्यालयं. आठवडाभर काटा लावून मोजलं: घरांचा ओला कचरा रोज साधारण 280 किलो, बाजाराच्या दिवशी एकूण पाचशेच्या वर. 3 लाख आहेत, त्यावर दमडी नाही. पाण्याच्या टाकीमागे दोन हजार चौरस फूट जागा मिळेल. सध्या सगळं डेपोवर दबून कुजतं, त्याचा मिथेन होतो, आणि उन्हाळा लागला की आग अन् धूर आमच्या घरात. खड्डे, मशीन की गोबरगॅस? स्वतः केलेल्यांनीच सांगा.

पुण्यातला_जळगावकर
मशीनच घ्या. आमच्या सोसायटीत 8 लाखांचं आहे. आज कचरा टाका, उद्या खत. वास नाही, माशी नाही. 3 लाखांत काय होतंय हो? नगरसेवकाला सांगा, वाढवून आणेल.

भुसावळकर_काका
ते खत नव्हे भाऊ, भाजलेला चुरा. आम्ही कुंडीत घातला, पाणी दिलं, तिसऱ्या दिवशी बुरशी आणि घाण वास. आमच्या कॉलनीनेही असंच घेतलं होतं (कंपनीचं नाव घेत नाही). हीटर जळाला, मेकॅनिक ‘निघालोय’ म्हणत म्हणत पावसाळा गेला. आता त्यावर गोधड्या वाळतात.

रावेरचा_केळीवाला
गोबरगॅससारखं काही नाही. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहे, सिलिंडर फक्त लग्नकार्याला. लिंबाची सालं, कांद्याची टरफलं जास्त पडली की आत आंबतं, तेवढं सांभाळा. थंडीत गॅस कमी येतो. आमच्या सहा म्हशी आहेत ते वेगळं.

तापीकाठची
दादा, आमच्या समितीकडे एकही म्हैस नाही.

आखाजीनी_वाट
भो, मी सांगस ते आयका. मशीन नको नि गॅस नको. आम्हना गावना उकिरडा काय वाईट व्हता?

धुळ्याची_माई
नाडेप टाकी बांधा. पुसदच्या पांढरीपांडेंची पद्धत, 10 बाय 6 बाय 3 फूट, भिंतीत भोकं ठेवून विटांचं टाकं. थर असे: पाला, ओला कचरा, शेणकाला, माती. हिशेब करून देते. तुमच्या 280 किलोला एक टाकं आठ-दहा दिवसांत भरेल, पिकायला साडेतीन ते चार महिने. म्हणजे 12-13 टाकी लागतील. आम्हाला मागच्या वर्षी एक 14 हजारांना पडलं. पावणेदोन लाखांच्या आसपास बसतं. माझ्या टाक्यातल्या खताची वांगी बघायला लोक येतात.

पुण्यातला_जळगावकर
आणि टाकी भरणार कोण? रोज दोन माणसं लागतील, त्यांचा पगार? म्हणून म्हणतो मशीन.

भुसावळकर_काका
मशीनपुढेही माणूस उभा करावाच लागतो. आमचा तर हीटर जळाल्यावरही चार महिने पगार घेत होता.

अमळनेरचा_मास्तर
टाकी काय, खड्डे काय, ओल्यात सुकं मिसळलं नाही तर नुसता चिखल होतो. सध्या पानगळ चालू आहे, पाला आत्ताच पोत्यांत भरून ठेवा, पावसाळ्यात शोधून मिळणार नाही. पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) तर आपल्याकडे शेतकरी बांधावर जाळून टाकतात, त्यांचा भुगा करून घ्या. दुसरं, मे महिन्यात 45 अंशांत ढीग वाळून कुजणंच थांबतं, रोज पाणी शिंपावं लागतं. गांडूळखताच्या नादी लागू नका. ग्रीन नेट बांधलं, ओली गोणपाटं टाकली, तरी माझी सगळी मेली.

यावलकर_77
इंदूर बघून या आधी! 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यातून गॅस काढणारा बायो-सीएनजी प्रकल्प उभा केला त्यांनी.

धुळ्याची_माई
ताईंचे 280 किलो आहेत, टन नाहीत. बघायचंच तर वेंगुर्ल्याचं बघा, छोटं गाव, डंपिंगच्या जागी फिरायला जातात लोक.

यावलकर_77
कोकणात 45 अंश असतात का?

खान्देशी_खवय्या
विषय निघालाच आहे तर, भरीत पार्टीच्या वांग्यांची जळकी सालं आणि देठं कुठे टाकायची? आमच्या शेतात दर रविवारी पाटीभर निघतात.

गल्लीतली_सूनबाई
सगळे टाक्यांवरच अडकलेत. घोळ घंटागाडीत आहे. मी वर्षभर दोन डबे ठेवले, गाडीवाल्याने रोज माझ्या डोळ्यांदेखत एकत्र ओतले. मग मीही सोडलं. आधी ओल्याची गाडी वेगळी करा, नाहीतर टाक्यात प्लॅस्टिक पिकेल. आणि मंगल कार्यालयांचा भार वॉर्डाने का उचलायचा? घनकचरा नियमांतच आहे, रोज सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणारा मोठा उत्पादक. त्याने जिरवायचा किंवा पैसे मोजायचे.

पुण्यातला_जळगावकर
गाडी वेगळी करा हे मीही म्हणणारच होतो.

तापीकाठची
सगळ्यांचे आभार. दोन बैठका झाल्या, भांडणंही झाली. सध्या टाकीही नाही आणि मशीनही नाही. गावाजवळचा एक केळी बागायतदार ओला कचरा बांधावरच्या खड्ड्यात घ्यायला तयार आहे, अट एकच, प्लॅस्टिकचा तुकडा दिसला की गाडी परत. त्यामुळे पैसे जातील ते हातगाड्या आणि दोन बायकांच्या वर्षभराच्या पगारात, त्या दारात डबा बघून घेतील. आधी 60 घरं आणि भाजीबाजार. कार्यालयांना नोटीस मुख्याधिकारी काढणार आहेत. पाला गोळा करायला मुलं लागलीत, मास्तरांचं तेवढं ऐकलं.

धुळ्याची_माई
मग एवढा हिशेब कशाला करून घेतला माझ्याकडून?

रावेरचा_केळीवाला
शेतकऱ्याला फुकट खत, आणि पगार नगरपरिषदेचा. हुशार आहे गडी. कोणत्या शिवारात आहे तो? मलाही चालेल.

आखाजीनी_वाट
म्हनजे उकिरडाच ना?

तापीकाठची
हो भाऊ, उकिरडाच. काटा लावलेला.