देवळाची कौलं गळतायत, पैसे मागायचे कसे?

खजिनदारबाई

जयख्रिस्त, नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

गिरणगावाच्या कडेला आमचं देऊळ आहे. (आम्ही जुने मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, गोंधळू नका.) काळ्या दगडाच्या भिंती, सागाच्या कैच्या (छपराचा भार तोलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), वर मंगलोरी कौलं. बांधकाम १८९० च्या दशकातलं. माझं लग्न तिथंच लागलं. बँकेतून निवृत्त झाले आणि "तुम्ही बँकेतल्या" म्हणून पास्टोरेट कमिटीने (देवळाचा कारभार बघणारी समिती) खजिनदारकी गळ्यात घातली. तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले हो, मागायची वेळ कधी आली नव्हती.

गेल्या जुलैत उपासना चालू असताना वेदीच्या डाव्या अंगाला पाणी यायला लागलं. पाळकसाहेबांचा उपदेश चाललाय आणि खाली बादलीत टप, टप. पावसाळ्यानंतर माणूस वर चढवला. एका कैचीचं टोक जिथे भिंतीत बसतं तिथे वाळवी निघाली. त्याने पेचकस लावला तर मुठीपर्यंत आत गेला. मग जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या आर्किटेक्ट बाईंना बोलावलं. त्यांचा अंदाज : १ कोटी ४० लाख. कमिटीत पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग कोणीतरी चहा सांगितला.

जमा आहेत ११ लाख ३८ हजार. त्यात कापणीच्या सणाच्या लिलावाचेही आले. यंदा एक पपई २,१०० ला गेली. घेणाऱ्या आजींनी ती तिथेच परत अर्पण केली, दुसऱ्या फेरीत १,५०० आले. म्हणजे एका पपईचे ३,६००. घरी येऊन हिशेब केला, उरलेल्या रकमेला अशा ३,५७३ पपया लागतील.

रजिस्टरवर ११२ कुटुंबं आहेत, पण चाळी पडल्या, टॉवर आले, आमची पोरं बदलापूर, विरार, पनवेलला गेली. रविवारी साठ-सत्तर डोकी जमतात.

एक गृहस्थ म्हणतात, मागचं आवार पंधरा वर्षांच्या कराराने लग्नाच्या हॉलला द्या, छप्पर फुकट करून देतो. कमिटीतले निम्मे म्हणतात, पत्रे टाका, पाच-सहा लाखांत विषय संपला. माझी नणंद टोरांटोहून पैसे पाठवायला एका पायावर तयार आहे, तिकडची आणखी दहा-बारा घरं आहेत. ८०जी (देणगीवरची आयकर वजावट) मिळतं का, हा प्रश्न तर मला रस्त्यात थांबवून विचारतात. सुरुवात कुठून करू?

चुन्याचा_हात

ताई, पत्रे नकोत. पावसात पत्र्याखाली पाळकांचा शब्द ऐकू येणार नाही आणि मे महिन्यात भट्टी होईल. शिवाय इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का ते आधी बघा. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, यादीतल्या इमारतींना श्रेणी आहेत, आणि वरच्या श्रेणीतल्या इमारतीचं छप्पर वारसा समितीला न विचारता बदललं तर काम अर्ध्यात थांबतं.

दुसरं, १ कोटी ४० लाख हा आकडा कोणापुढे ठेवू नका. माणूस घाबरतो आणि पाचशे रुपये देऊन सुटतो. आर्किटेक्ट बाईंना सांगा, अंदाज फोडून द्या. आधी छप्पर, कैच्यांची टोकं आणि पन्हळी. मग भिंती. रंगीत काचा, फरशी, बाकं सगळ्यात शेवटी. एरवी "आधी कळस, मग पाया" म्हणून आपण हसतो, पण जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत खरोखर कळसापासून खाली यायचं असतं. वरून पाणी चालू असेल तर खालचा रुपया वाया. छप्पर ऑक्टोबर ते मे या काळातच उघडता येतं, त्यामुळे पहिल्या टप्प्याचे पैसे गणपतीपर्यंत हातात हवेत.

एक विचारतो. भिंतींना कधी सिमेंट लावलंय का?

खजिनदारबाई

लावलंय ना! आमच्या सासऱ्यांच्या वेळी, १९८० च्या सुमारास. दगडांच्या सगळ्या सांध्यांत सिमेंट भरलं, वर आतून प्लास्टर. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं. आता खालचे चार फूट प्लास्टर फुगून पापडासारखं सुटतंय.

चुन्याचा_हात

तेच. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते आणि सांध्यांतून वाळून निघून जाते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आत अडकते, आणि भिंतीत टेकलेलं कैचीचं टोक तिथेच सडतं. वाळवी नंतर येते. तुमची बादली आणि सासऱ्यांचं प्लास्टर ही एकच गोष्ट असू शकते. सिमेंट खरवडून पुन्हा चुना-सुरखी (चुना आणि विटांची पूड) भरावी लागेल, आणि त्याला गवंडीही चुन्यातला हवा. तो रोजचा दर जास्त सांगेल, घासाघीस करू नका.

गिरगावचा_पोर

राग मानू नका, पण साठ-सत्तर माणसांसाठी दीड कोटी? जवळच्या दुसऱ्या चर्चमध्ये जा, तेवढ्यात शाळा उभी राहील.

खजिनदारबाई

राग नाही. हे माझ्या धाकट्यानेही जेवताना ऐकवलंय. त्याला म्हटलं, रविवारी साठ येतात, पण मयतीला तीनशे येतात. बदलापूरवाले शेवटी इथेच आणतात. त्यानंतर तो काही बोलला नाही, भात वाढून घेतला.

हिशेबी_काका

मी सीए, निवृत्तीच्या वाटेवर. मुद्द्याचं सांगतो.

लग्नाचा हॉल : इमारत तुमच्या कमिटीच्या नावावर नसणार, वरच्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्तांना इमारत किंवा बिनशेतीची जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पंधरा वर्षांचा करार कमिटीच्या सहीने होतच नाही. त्या गृहस्थांना हे माहीत असणार, तुम्हाला माहीत आहे का ते बघतायत.

८०जी : निव्वळ धार्मिक न्यासाला ते मिळत नाही. पण त्याच कलमात एक खिडकी आहे. केंद्र सरकारने ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचं म्हणून अधिसूचित केलेलं मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च असेल, तर त्याच्या दुरुस्तीच्या देणगीवर ५० टक्के वजावट मिळते, उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. महापालिकेच्या यादीत नाव असणं वेगळं आणि केंद्राची अधिसूचना वेगळी, दोन्ही एक समजू नका. तीही मिळाली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर नाहीच. त्यामुळे पत्रकावर "करसवलत" छापायची घाई नको. पावती मात्र दहा रुपयांचीही द्या.

नणंदबाई : त्यांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ते पैसे परदेशी देणगी. सख्खी नणंद असली तरी. त्यासाठी गृह मंत्रालयाची एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी लागते आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावी लागते. तुमच्या खात्यावर मागवून पुढे देणं तर मुळीच नको. दुबई-कुवेतवाले ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात. पासपोर्टची प्रत फाइलला लावा.

कंपन्या : सीएसआरच्या (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या) यादीत ऐतिहासिक इमारतींचा जीर्णोद्धार आहे. पण कंपन्या थेट प्रार्थनास्थळाला द्यायला कचरतात, आणि घेणाऱ्या संस्थेची सीएसआर नोंदणीही लागते. वारसा जतनाचं काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला मध्ये घ्या.

खजिनदारबाई

काका, नणंदेला फोन केला. पासपोर्ट कॅनडाचाच. ती रडवेली झाली, मग म्हणाली, दादर-परळच्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना कामाला लावते.

फोर्टातला_कारकून

माझं ऑफिस सेंट थॉमस कॅथीड्रलजवळ आहे, दुपारी तिथे जाऊन बसतो. ज्याच्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं तेच चर्च. त्याचा पाया १६७६ चा आणि उघडलं १७१८ च्या नाताळला! मधली चाळीसेक वर्षं नुसत्या अर्धवट भिंती. शेवटी रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला आणि वर्गणी गोळा करत फिरला, तेव्हा ते पुरं झालं. २००४ मध्ये तिथल्या जतनाच्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला २०१७ मध्ये. त्यांच्या कमिट्यांना भेटून या, कामं कशी काढली ते विचारा. चहा नक्की मिळेल.

वसईची_सून

ताई, देणगी देणाऱ्याच्या नावावर कौल लावा. ज्याला जमेल त्याने एक, ज्याला जमेल त्याने पन्नास. आणि उतरवलेली जुनी कौलं भंगारात देऊ नका. उलटून बघा, मागे कारखान्याचं नाव असतं. मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला होता. तुमच्याकडे तीच निघाली तर फुटक्या कौलाचा तुकडासुद्धा लोक घरी ठेवतील.

खजिनदारबाई

काल शिपाईमामांना शिडी लावायला लावली. वळचणीचं एक कौल सैल होतं ते उतरवलं, नळाखाली घासलं. अर्धी अक्षरं झिजलीत, पण "बासेल" वाचता येतंय.

कमिटीची बैठक झाली. पत्रे रद्द, हॉलवाल्यांना नाही कळवलं. आर्किटेक्ट बाईंनी पहिल्या टप्प्याचा आकडा ३८ लाख दिला, म्हणजे आणखी २६ लाख ६२ हजार. रविवारी उपासनेनंतर ते कौल बाहेरच्या टेबलावर ठेवलं, शेजारी पावतीपुस्तक घेऊन मी बसले. पहिली पावती पपईवाल्या आजींची, पाच कौलं. दुसरी समोरच्या इराणी हॉटेलवाल्यांची. ते म्हणाले, पन्नास वर्षं तुमच्या घंटेवर दुकान उघडतो, दहा लिहा.

@चुन्याचा_हात, तो चुन्यातला गवंडी कुठे मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि रोजचा दर आधीच सांगा, म्हणजे कमिटीपुढे बसायच्या आधी मी पाणी पिऊन घेईन.