तयार सॉफ्टवेअरला जोडण्या लावून घेणे म्हणजे बेशिस्त काय?

सातपूरचा हिशेबनीस

‘शिस्तप्रिय’ यांचा कालचा लेख वाचून गप्प बसायचे ठरवले होते, पण ते जमले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नाशिकच्या कारखानदारांना आणि व्यापाऱ्यांना तयार सॉफ्टवेअर आहे तसे वापरण्याची शिस्तच नाही; टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले की लगेच त्याच्या टीडीएल भाषेत जोडण्या लिहिणारा पोरगा शोधायचा, ईआरपी, म्हणजे सगळ्या कारभाराचे एकच सॉफ्टवेअर, घेतली की तिच्यात आपली जुनी वही जशीच्या तशी उतरवून मागायची, आणि मग वर्षभर सॉफ्टवेअरच्या नावाने बोटे मोडायची. ‘सॉफ्टवेअर बदलू नका, स्वतःला बदला’ असा उपदेश करून त्यांनी लेख संपवला आहे.

या उपदेशात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे बदलाची मागणी मालकाच्या लहरीतून येते. सातपूर-अंबडमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या डिस्पॅच विभागात अर्धा दिवस उभे राहिले तर हे गृहीतक गळून पडते. माल घेणारी एक कंपनी सांगते की प्रत्येक पेटीवर आमचा पार्ट नंबर, आमच्या पर्चेस ऑर्डरमधला ओळ क्रमांक, तुमचा बॅच क्रमांक आणि या सगळ्याचा बारकोड हवा. दुसरी सांगते की बारकोड चालणार नाही, क्यूआर लावा, आणि गाडी तुमच्या फाटकातून निघण्यापूर्वी मालाची आगाऊ सूचना आमच्या पोर्टलवर चढलेली असू द्या. लेबल चुकले तर गाडी उलट्या पावली परत येते. त्या फेरीचे भाडे ‘स्वतःला बदला’ म्हणणाऱ्याच्या लेजरला नावे टाकता येत नाही.

शिवाय जोडणीची ही दारे आम्ही भिंत फोडून पाडलेली नाहीत. टॅलीत ९००० क्रमांकाच्या पोर्टवर एक्सएमएल स्वरूपात माहिती पाठवली की व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, आत जाते आणि मागितलेला अहवाल बाहेर येतो. ओडीबीसी या जोडणीने लेजर, म्हणजे खाती, एक्सेलमध्ये ओढता येतात. टीडीएल ही भाषा तर जोडण्या लिहिण्यासाठीच बाहेरच्या लोकांना दिलेली आहे. ईआरपीनेक्स्ट या ईआरपीत मूळ कोडला हात न लावता स्वतंत्र ॲप लिहून हुकने, म्हणजे त्यासाठीच ठेवलेल्या खुंटीने, अडकवता येते. आमच्याकडे लेबलाचा छोटा प्रोग्राम पूर्णपणे बाहेर आहे. बिल सेव्ह झाले की तो त्यातली माहिती वाचतो, त्या ग्राहकाचा नमुना निवडतो आणि लेबल प्रिंटरकडे पाठवतो. उद्या तो बंद पडला तरी हिशेब अडत नाही. बनवणाऱ्याने ठेवलेले दार वापरणे ही बेशिस्त कशी, ते समजावून सांगावे.

शिस्तप्रिय

आपण दिलेले उदाहरण उत्तम आहे, कारण ते अपवादात्मक आहे. बाहेर राहणारी, फक्त वाचणारी जोडणी मी कधीच नाकारलेली नाही. मला रोज दिसतात त्या जोडण्या वेगळ्या असतात.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत निघाले आणि वाहनांचे जे सुटे भाग २८ टक्क्यांत होते ते १८ वर आले. ज्यांचे दर मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मूळ यादीत, होते त्यांनी नवा दर लागू होण्याच्या तारखेसह भरला आणि ते मोकळे झाले. पण ज्यांच्या टीडीएलमध्ये कुणा हुशाराने २८ हा आकडाच कोडात लिहून ठेवला होता, त्यांची बिले त्या सोमवारी जुन्याच दराने छापली गेली, आणि मग क्रेडिट नोटांचा जो ढीग पडला तो निस्तरायला मला बोलावण्यात आले. ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या सक्तीची, उलाढालीची मर्यादाही ऑक्टोबर २०२० मधल्या ५०० कोटींवरून पायरीपायरीने ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली; प्रत्येक पायरीला ‘आमच्या बिलाचा नमुना वेगळा आहे’ म्हणणारे गिऱ्हाईकच सर्वांत उशिरा तयार झाले.

मोठ्यांचीही गत निराळी नाही. एसएपी या मोठ्या कंपन्यांच्या ईआरपीमध्ये ग्राहकाने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामांची नावे झेड किंवा वायने सुरू होतात, आणि जुन्या कंपन्यांत या ‘झेड’ मंडळींची गर्दी इतकी झालेली असते की नव्या आवृत्तीवर जायचे म्हटले की आधी त्यांचीच शिरगणती करावी लागते. एसएपीच्या जुन्या ईसीसी आवृत्तीची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपत आहे, आणि आता खुद्द एसएपीच ‘गाभा स्वच्छ ठेवा’ असा जप करत आहे. दाराचा भरवसाही फार धरू नये. फायरफॉक्स ब्राउझरने नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ वी आवृत्ती आणली आणि जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन एका फटक्यात निकामी झाली. दार ज्याचे, कुलूपही त्याचेच.

लासलगावचा खळेवाला

साहेब, आपण दोघेही बिलाच्या पुढे जायला तयार नाही. आमच्याकडे बिल सर्वांत शेवटी येते.

बाजार समितीत लिलाव होतो, सौदापट्टी, म्हणजे सौद्याची चिठ्ठी, फाटते, ट्रॅक्टर खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या कांदा उतरवण्याच्या आवारात, येतो. आधी भरलेल्या ट्रॉलीचे वजन, मग कांदा ओतून झाल्यावर रिकामीचे. पूर्वी काट्यावरचा मुलगा आकडा पाहून कागदावर लिहायचा आणि आमचा मुनीम तो पुन्हा संगणकात भरायचा. २,८४० चे २,४८० व्हायला घाईचा एक क्षण पुरतो, आणि शेतकरी समोर उभा असताना ही चूक सापडली तर ती चूक राहत नाही, लबाडी ठरते. म्हणून आम्ही काट्याच्या इंडिकेटरची सिरियल केबल संगणकाला जोडून घेतली. आता वजन थेट शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर येते. त्यातही मेख आहे. इंडिकेटर आकडे अखंड पाठवत असतो, आणि ट्रॉली हलत असताना बटण दाबले तर भलताच आकडा उचलला जातो. वजन स्थिर होईपर्यंत बटण चालूच नये, अशी सोय आम्हाला मागून करून घ्यावी लागली. कोणत्या तयार सॉफ्टवेअरमध्ये हे होते, ते शिस्तप्रिय यांनी सांगावे. मी आज विकत घेतो.

जुलै २०१६ मध्ये आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे सरकारने ठरवले. त्या वेळी कपातीची ओळ एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला टाकण्याइतकेच काम होते. ते झाले नाही, कारण जोडणी लिहिणारा गृहस्थ पुण्याला नोकरीला निघून गेला होता आणि माझ्याकडे उरली होती फक्त टीसीपी फाइल. ती चालते, पण उघडून वाचता येत नाही. पैसे पूर्ण दिले होते. सोर्स, म्हणजे मूळ कोड, मागितला तर म्हणाला, ‘तो माझा आहे.’ हा न्याय आहे का?

टीडीएल लिहिणारा, कॉलेज रोड

न्यायाची भाषा निघालीच आहे तर दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. आपण पैसे दिले ते चालणाऱ्या जोडणीचे. सोर्सचे वेगळे पैसे असतात, आणि ते आधी ठरवायचे असतात. मी एका व्यापाऱ्याला विश्वासाने सोर्स दिला. त्याने तो आपल्या साडूच्या मुलाला दिला, आणि त्या मुलाने वरचे नाव बदलून तोच माल पिंपळगाव बसवंतच्या खळ्यांवर माझ्या निम्म्या भावात विकला. तेव्हापासून मी टीसीपी देतो, आणि तीही गिऱ्हाइकाच्या लायसन्सच्या सिरियल नंबरला बांधून. याला कुणी लबाडी म्हणत असेल तर खुशाल म्हणावे.

आणि शिस्तप्रिय, ‘पोरगा’ हा शब्द आपण दर वेळी वापरता. ज्या पोराने रात्री जागून आपल्याच गिऱ्हाइकाची बिले सुरू केली, त्याच्या कामावर आपण ‘सल्ला शुल्क’ लावता, हेही एकदा लिहा.

शिस्तप्रिय

वैयक्तिक होऊ नये. कोडात २८ लिहिणाऱ्याला मी दुसरा कोणता शब्द वापरावा, तो सुचवावा. मी तो वापरीन.

दिंडोरीची बागायतदार

दोघांनीही जरा दमाने घ्यावे. माझा प्रश्न सोर्सचाच आहे, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने. युरोपला द्राक्षे पाठवायची तर पेटीतला माल कोणत्या नोंदणीकृत प्लॉटचा आहे, हे मागे जाऊन दाखवता आले पाहिजे. आमच्या पॅकहाउसमध्ये हा प्लॉट क्रमांक आवकेच्या नोंदीपासून पॅलेटपर्यंत नेणारी जोडणी आहे. हंगाम जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीत ती अडली तर मी एएमसीवाल्याच्या, म्हणजे वार्षिक देखभाल करणाऱ्याच्या, फोनची वाट पाहत बसू, की कंटेनर रोखू? गेल्या हंगामात आमच्या माणसाने फोन उचलला तो लग्नाच्या मांडवातून. त्याची तक्रार नाही, लग्न त्याच्या बहिणीचे होते. पण सोर्स हाताशी असता तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवता आला असता. पैसे मी देते, जोखीमही माझीच, आणि किल्ली मात्र त्याच्याकडे, ही वाटणी मला पटत नाही.

शरणपूर रोडचा सीए

भावना बाजूला ठेवून कायदा सांगतो, कारण इथे पुष्कळांचा गैरसमज दिसतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. कलम १७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन लिहवून घेतलेल्या प्रोग्रामला हे लागू होत नाही. केवळ पैसे दिले म्हणून तो आपला होत नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि लिहिणाऱ्याच्या सहीनेच करावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. तेव्हा खळेवाले, तो गृहस्थ ‘माझा आहे’ म्हणाला ते आपल्याला कितीही झोंबले तरी कायद्याला धरून होते.

जाता जाता आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. पट्टी किंवा बिल मुळात बाहेरच्या ॲपमध्ये तयार होत असेल आणि तिथे आकडा बदलल्याचा मागच राहत नसेल, तर टॅलीतला एडिट लॉग कितीही चोख असला तरी लेखापरीक्षणात मी त्या ॲपबद्दल विचारणारच. ‘बाहेर ठेवली म्हणजे सुरक्षित’ हे सातपूरकरांचे समीकरण इतके सरळ नाही.

टीडीएल लिहिणारा, कॉलेज रोड

कायदा माझ्या बाजूचा निघाला, याची नोंद घ्यावी.

दिंडोरीची बागायतदार

घेतली. पुढच्या कामाच्या ऑर्डरमध्येही घेते, सहीसकट.

सातपूरचा हिशेबनीस

सीए साहेबांचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच आमचे ॲप आकडा तयार करत नाही, फक्त वाचते. पण धागा कुठून कुठे गेला ते पाहा. ‘जोडणी करावी का’ हा प्रश्न मागे पडला, आणि खळेवाले, पॅकहाउसवाल्या ताई, मी, आम्ही सगळे ‘जोडणी कुणाच्या हातात असावी’ यावर भांडत आहोत. जोडणीशिवाय काम भागते असे शिस्तप्रिय यांच्याखेरीज इथे कुणीच म्हणालेले नाही. त्यांनी आणि खळेवाल्यांनी सांगितलेली दुखणी, म्हणजे कोडात पुरलेला दर, निघून गेलेला माणूस, अद्ययावत न होणारा नमुना, ही चिक्कूपणाने करून घेतलेल्या कामाची दुखणी आहेत. लायसन्सला पैसे मोजायचे, संगणकाला मोजायचे, आणि ज्याच्यावर रोजची गाडी निघायची ते काम मात्र ‘चहापाण्यात करून दे’ म्हणायचे, ही आपल्याकडची रीत आहे. दर मास्टरमधून घ्यावा, कोडात लिहू नये, हे सांगायला मोठा सल्लागार लागत नाही; ते लेखी मागायला मात्र मालक लागतो.

शिस्तप्रिय

ठीक आहे. काट्याची केबल, ग्राहकाचे लेबल आणि प्लॉटचा क्रमांक या तीन बाबतींत नाशिककरांना माझ्याकडून विशेष सूट. मात्र ज्यांनी बिलावर कुलदैवताचा फोटो मध्यभागी यावा म्हणून मूळ नमुना बदलून घेतला आहे, आणि असे माझे दोन गिऱ्हाईक आहेत, त्यांच्याबाबत माझे मत कालचेच आहे. आणि ‘चहापाण्यात’ हा टोला मला लागू नाही. मी दर आधी सांगतो, म्हणून तर लोक मला सोडून पोरांकडे जातात.

टीडीएल लिहिणारा, कॉलेज रोड

पुन्हा ‘पोरांकडे’. असो. खळेवाले, आपली जुनी टीसीपी फेकून द्या. सध्याच्या कपातींप्रमाणे पट्टी नव्याने लिहून देतो, कपातीचे दर मास्टरमध्ये ठेवतो, वजन हाताने बदलले तर कुणी आणि कधी बदलले याची नोंद ठेवतो, आणि हक्काच्या लेखासह सोर्सही आपल्या हातात देतो. भाव मात्र दुप्पट पडेल, आणि लाल कांद्याची आवक वाढण्याआधी हवे असेल तर आजच कळवा.

लासलगावचा खळेवाला

काम पसंत आहे. फक्त दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, तेवढे इथेच सर्वांसमक्ष लिहा. सीए साहेबांनी सांगितलेच आहे, लेखी असलेले बरे.