हुएको टँक्सला मुक्काम: नियम जरा अतीच आहेत का?

वाळवंटी_पाऊल:
मागच्या महिन्यात अमेरिकेत, टेक्सासमधल्या एल पासोजवळच्या हुएको टँक्स स्टेट पार्कला एक रात्र तंबू ठोकून राहिलो. जागा अप्रतिम. सपाट वाळवंटात मधेच खडकांचे डोंगर, त्यांत नैसर्गिक खळगे, पावसाचं पाणी त्यात साठतं. स्पॅनिशमध्ये हुएको म्हणजे खळगा, म्हणून हे नाव. पण संध्याकाळी पार्कचं गेट बंद, त्यानंतर खडकांकडे जायचं नाही, लाकूड कोळसा काहीही पेटवायचं नाही, फक्त गॅसचा स्टोव्ह. दिवसासुद्धा नॉर्थ माउंटनवर एकावेळी 70 च माणसं, बाकीचे डोंगर गाइडबरोबरच. मला सांगा, ज्याने आधी बुकिंग केलं, नियमांचा व्हिडिओ बसून बघितला, रात्रभर तिथेच राहिला, त्याला चांदण्यात थोडं फिरू दिलं तर काय बिघडणार आहे?

गडवाटेवरची:
बिघडतं हो, आणि ते आपण घरच्या अंगणात बघितलंय! हरिश्चंद्रगडावर वीकेंडला कोकणकड्याच्या बाजूला किती तंबू लागतात ते आठवा, सकाळी प्लास्टिक, बाटल्या, लेण्यांमध्ये चुलीची काजळी आणि भिंतीवर बदाम काढून नावं. तिथे येणारा प्रत्येकजण स्वतःला गडप्रेमीच म्हणवतो. हुएकोत जोर्नाडा मोगोयोन या तिथल्या प्राचीन लोकांनी खडकांवर रंगवलेले 200 हून जास्त मुखवटे आहेत, रंगवलेले मुखवटे उत्तर अमेरिकेत इतके एका जागी दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांच्यावरसुद्धा लोकांनी नावं खरडलीत आणि ती लेझरने काढायची वेळ आलीये. कोपऱ्यात, कपारीत, डोक्यावरच्या छताला चित्रं आहेत, दिवसाउजेडी शोधावी लागतात, रात्री टॉर्च घेऊन माणूस हात कुठे टेकवेल ते त्यालाही कळणार नाही.

खडूचे_हात:
मी बोल्डरिंग करतो, म्हणजे दोराशिवाय छोट्या खडकांवर चढतो, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं. चढाई किती अवघड ते सांगणारी बोल्डरिंगची व्ही ग्रेड जॉन शर्मन या क्लाइंबरने इथल्याच खडकांवर बसवली, आमच्यासाठी ही पंढरी आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी निर्बंध आले तेव्हा क्लाइंबर लोक फार चिडले होते. पण आम्ही पकडीसाठी हाताला लावतो तो खडू आणि बुटांनी खडक गुळगुळीत होतो हे मी स्वतः बघतो, त्यामुळे चित्रांजवळचे खडक बंदच ठेवा. माझी तक्रार 70 च्या आकड्याबद्दल आहे, कारण चित्रं नाहीत तिथेसुद्धा तोच आकडा लावून उपयोग काय?

गडवाटेवरची:
चित्रं नाहीत हे ठरवणार कोण? फिकट झालेली चित्रं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय खळग्यांतल्या पाण्यात फेअरी श्रिंप नावाचे इवलेसे पारदर्शक जीव असतात, खळगा कोरडा असला तरी त्यांची अंडी तळाशी पडून असतात, त्यावर पाय पडला की संपलं.

ओसरीवरून:
मला मुळात प्रश्न पडलाय की तिथे तंबू असावेतच का. इस्लेटा डेल सूरचे तिग्वा, मेस्कालेरो अपाचे आणि कायोवा या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमाती, तिघांसाठीही ही पवित्र जागा आहे. कायोवांच्या आठवणीत तर 1839 सालचा वेढा आहे, त्यांची माणसं इथे गुहेत अडकली होती. आपण कुणी गाभाऱ्याच्या दाराशी सतरंजी पसरून ढोकळा खात बसू का? दिवसा जावं, हात जोडून यावं.

वाळवंटी_पाऊल:
हे मात्र पटलं नाही हं. पाण्यामुळे हजारो वर्षं माणसं इथे थांबत आलीत, 1858 मध्ये बटरफील्ड कंपनीच्या टपाल नेणाऱ्या घोडागाड्या याच पाण्यासाठी थांबायच्या. मुक्काम हाच या जागेचा वारसा आहे. पंढरपूरला वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या टाकून राहतातच ना, त्याने पावित्र्य कमी होतं का? पण टॉर्च आणि अंड्यांचा मुद्दा मान्य, एकट्याने रात्री फिरायची मागणी मी मागे घेतो. रेंजरबरोबर, दहा जण, ठरलेल्या वाटेने न्यावं एवढंच म्हणणं आहे.

ओसरीवरून:
वारकरी विठोबाचेच आहेत हो, आपण तिथे कोण? रेंजरबरोबर न्यायचं असेल तरी आधी तिग्वा मंडळींना विचारा, ते नाही म्हणाले तर नाही.

खडूचे_हात:
यावर माझा पाठिंबा. आणि गॅसच्या स्टोव्हवर पिठलं मस्त होतं, शेकोटी लागतेच कशाला. जॅकेट मात्र जाड न्या, वाळवंटात रात्री कडाक्याची थंडी पडते.