मदत हवी आहे: सर्व्हेतल्या एचआयव्ही तपासणीची लॅब कशी पारखायची?

मंडळी, मी कोल्हापुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतोय. प्रोजेक्ट सर्वेक्षणांतल्या एचआयव्ही तपासणीवर आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेतले होते, देशातल्या एचआयव्हीबाधितांचा आकडा निघाला ०.२८ टक्के.

इथंच घोडं अडलंय. टेस्टची विशिष्टता (म्हणजे बाधा नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह दाखवते) ९९.५ टक्के धरली तरी १० हजार जणांत खरे पॉझिटिव्ह २८ आणि खोटे जवळपास ५०! एकाच एलायझावर (रक्तातल्या अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीवर) विसंबलं तर आकडा जवळजवळ तिप्पट. म्हणून पॉझिटिव्ह नमुने पुन्हा तपासतात, ते पटलं. पण निगेटिव्हपैकी किती पुन्हा तपासायचे, हे कशावरून ठरवायचं? सगळेच तपासायला पैसा कोण देणार!

दुसरं म्हणजे, आपल्या गगनबावड्यात जुलैत टॉवेल वाळत नाही, तिथं रक्ताचे थेंब घेतलेली फिल्टर पेपरची कार्डं काय वाळणार? सिलिका जेलच्या पुड्या घालून पिशवी बंद करतात हे ठाऊक आहे. तरी ओलसर राहिलेल्या कार्डांमुळे सुटलेले पॉझिटिव्ह आकडेमोडीत कसे धरायचे?

कुणी लॅबमध्ये किंवा फील्डवर हे काम केलं असेल तर जरा सांगा की. अहवालांच्या लिंक नकोत, ते वाचलेत. प्रत्यक्षात काय करता ते हवंय.